व्हिटसंडे बेटांत शिडाच्या बोटीवर कुटुंबासह आठ दिवस: नांगर, पाणी आणि भरती-ओहोटीविषयी विचारणा

खाडीकाठ

नमस्कार. आम्ही गेली सात वर्षे ब्रिस्बेनला राहतो. सप्टेंबरच्या शेवटी इथल्या शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी असते. त्यातील आठ दिवस क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगतच्या व्हिटसंडे बेटांमध्ये शिडाच्या बोटीवर राहावे, असे आमच्या मनात आहे. तिथे बेअरबोट, म्हणजे नाखव्याशिवाय नुसती बोट, भाड्याने मिळते आणि ती चालवायला परवाना लागत नाही, हे कळल्यावर आधी आनंद झाला आणि मग काळजी वाटू लागली. परवाना मागत नाहीत याचा अर्थ सगळी जबाबदारी आपल्यावर येते, हे आम्हाला समजते.

आम्ही पाच जण असू: मी, माझे पती, अकरा आणि आठ वर्षांची मुले आणि माझे सासरे. पतींनी आणि मी मोर्टन उपसागरात दोन वर्षे लहान शिडाच्या होड्या चालवल्या आहेत, पण त्या सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या. बोटीवर रात्र आम्ही एकदाही काढलेली नाही. सासरे 69 वर्षांचे आहेत. त्यांचे बालपण जयगडच्या खाडीकाठी गेले, त्यामुळे होडी, वारा, उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) त्यांच्या अंगवळणी पडलेले आहेत. मात्र गुडघे आता पूर्वीसारखे साथ देत नाहीत.

पाहण्याच्या ठिकाणांची माहिती सगळीकडे मिळते. मला जाणून घ्यायचे आहे ते रोजच्या राहण्याविषयी. रात्री कुठे थांबायचे हे कशावरून ठरवावे? नांगर सुटण्याची भीती कितपत खरी आहे? पाच माणसांना पाणी पुरते का, आणि स्वयंपाक कसा जमतो? एका बुडाची बोट घ्यावी की दोन बुडांची कॅटॅमरान? प्रत्यक्ष राहून आलेल्यांनी सविस्तर लिहिल्यास उपकार होतील.

नांगरदोर

मी त्या बेटांत चार वेळा गेलो आहे, पहिल्यांदा एका मित्राच्या बोटीवर पाहुणा म्हणून आणि पुढे तीन वेळा स्वतः सुकाणू धरून. तुमच्या पहिल्या प्रश्नातच सगळ्या राहणीचे मर्म आहे, म्हणून त्याचेच उत्तर आधी आणि जरा विस्ताराने देतो.

मोटारीने सहलीला निघताना आपण पाहण्याची ठिकाणे ठरवतो आणि मग वाटेत मुक्काम कुठे होईल ते बघतो. बोटीवर हा क्रम उलटा करावा लागतो. आज रात्री वारा कुठून असेल, त्या वाऱ्याला आडोसा देणारा उपसागर कोणता, तिथे चार वाजण्याच्या आत पोहोचायचे तर किती वाजता निघावे लागेल, आणि या हिशेबातून जे तास उरतील त्यांत वाटेवरचे काय पाहता येईल, अशा क्रमाने दिवस मागून पुढे मांडायचा असतो. पहिल्या वेळी मी नकाशावर सुंदर किनाऱ्यांना रेघेने जोडत गेलो होतो आणि तिसऱ्या दिवशी ते सगळे नियोजन गुंडाळून ठेवावे लागले.

चारची वेळ मी मनाने सांगत नाही. बोटी भाड्याने देणाऱ्यांचा तिथला रिवाजच आहे की, दुपारी चारपर्यंत बोट नांगरलेली किंवा मूरिंगच्या, म्हणजे तळाशी पक्क्या बांधलेल्या तरंगत्या, बोयाला बांधलेली असली पाहिजे आणि रात्री ती हलवायची नाही. त्यामागचे कारण पाण्यात उभे राहिल्यावरच नीट कळते. प्रवाळ डोळ्यांनी ओळखावे लागतात. ऊन डोक्यावर असताना खोल पाणी गडद निळे, वाळूवरचे पाणी फिकट हिरवे आणि प्रवाळावरचे पाणी तपकिरी दिसते. साडेतीननंतर सूर्य पश्चिमेकडे कलला की पाण्यावर नुसती चकाकी उरते आणि त्या चकाकीखाली काय आहे ते समजत नाही. सप्टेंबरअखेर तिथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उष्ण कटिबंधात संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही, हेही लक्षात असू द्या.

वाऱ्याचे म्हणाल तर एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत तिथे आग्नेयेचा व्यापारी वारा वाहतो, बहुतेक दिवस 15 ते 20 नॉट (ताशी सागरी मैल) आणि कधी 25 च्या पुढे. सप्टेंबरअखेर तो काहीसा मवाळ होतो, म्हणून तुमची वेळ चांगली आहे. या वाऱ्याला बेटांच्या उत्तरेकडचे उपसागर आणि बेटांत खोलवर शिरलेल्या चिंचोळ्या खाड्या आडोसा देतात. हुक बेटातील नारा इनलेट अशीच एक खाडी आहे. ती इतकी लांब आणि बंदिस्त आहे की बाहेर समुद्र खवळलेला असला तरी आत पाण्यावर साधी सुरकुती दिसते. पहिल्या रात्रीसाठी मी डोळे मिटून तिचे नाव सुचवीन. तिथेच किनाऱ्यावरून थोडे चढून गेल्यावर न्गारो लोकांनी गुहेच्या भिंतीवर काढलेली चित्रे आहेत. त्या स्थळाच्या उत्खननातून सुमारे 9,000 वर्षांपूर्वीपासूनची मनुष्यवस्ती सिद्ध झाली आहे. समुद्राची पातळी वाढून डोंगरांची बेटे झाली त्या बदलातून हे लोक टिकून राहिले. तुमच्या मुलांना तिथे अवश्य घेऊन जा.

आता नांगराविषयी. भीती खरी आहे, पण ती गणिताने पुष्कळ कमी होते. तिथे साखळीचे प्रमाण साधारणपणे पाचास एक, म्हणजे खोलीच्या पाचपट साखळी, असे धरतात आणि हे प्रमाण भरतीच्या खोलीवर काढायचे असते. माझ्या हातून हीच चूक झाली. हुक बेटाच्या उत्तरेकडील बटरफ्लाय बे या उपसागरात चारच्या सुमारास नांगर टाकला तेव्हा यंत्र पाच मीटर खोली दाखवत होते; पाच पंचे पंचवीस म्हणून मी पंचवीस मीटर साखळी सोडली आणि निश्चिंत झालो. ती वेळ ओहोटीची होती आणि दिवस उधाणाचे होते. रात्री अकरापर्यंत पाणी तीन मीटरने चढले, आणि नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची दीड मीटर उंची मी धरलीच नव्हती. म्हणजे खरी खोली साडेनऊ मीटर आणि साखळी तिच्या अडीचपटीच्या जेमतेम वर. साडेअकराला डोंगरावरून वाऱ्याचे जोराचे झोत उतरू लागले. बेटांच्या उंच कड्यांमागे असे झोत अचानक कोसळतात, आणि आडोशाच्या म्हणवल्या जाणाऱ्या उपसागरातही ते येतात. नांगर उखडला आणि आम्ही हळूहळू सरकू लागलो. मोबाइलमध्ये नांगर सरकल्यास वाजणारा भोंगा लावून ठेवला होता म्हणून जाग आली. इंजिन सुरू करून, अंधारात अंदाजाने पुढे सरकत आणखी पंचवीस मीटर साखळी सोडली, आणि उरलेली रात्र मी आणि माझा भाऊ आलटून पालटून पहाऱ्याला बसलो. कोणाला इजा झाली नाही. पण मागे प्रवाळाची कड साठ-सत्तर मीटरवर होती, हे सकाळी पाहिले तेव्हा माझे हातपाय गार पडले.

म्हणून आकडा असा काढा: यंत्रावरची खोली, त्यात रात्रीच्या भरतीपर्यंत चढणारे पाणी, त्यात नाळेची उंची, आणि या बेरजेची पाचपट. साखळी सोडल्यावर इंजिन उलटे चालवून नांगर जमिनीत रुतला आहे याची खात्री करा आणि किनाऱ्यावरची दोन झाडे किंवा खडक एका रेषेत धरून ठेवा. दहा मिनिटांनी ती रेष तशीच असली तर चहा ठेवायला हरकत नाही. साखळीचा झटका सोसण्यासाठी जी दोरी दिलेली असते ती बांधायला विसरू नका.

प्रवाळावर नांगर टाकायचा नाही, हे सांगणे नकोच. अनेक उपसागरांत त्रिकोणी पांढरे बोये एका ओळीत लावलेले असतात; त्यांच्या आत, किनाऱ्याच्या बाजूला, नांगरण्यास मनाई आहे. त्याऐवजी सार्वजनिक मूरिंगचे निळे बोये असतात. बोटीच्या लांबीप्रमाणे त्यांचे वर्ग पाडलेले असतात आणि कोणता बोया किती वाऱ्यापर्यंत वापरावा तेही त्यावर लिहिलेले असते. दिवसा त्यांवर बहुधा दोन तासांची मर्यादा असते, म्हणजे पोहून, जेवून दुसऱ्याला जागा करून द्यावी.

मीठपाणी

मी आणि माझे यजमान दोन हिवाळे साडेदहा मीटरच्या आमच्या स्वतःच्या बोटीवर राहिलो आणि ब्रिस्बेनहून वर सरकत व्हिटसंडेपर्यंत जाऊन आलो. नांगरदोर यांनी नांगराचे सगळे सांगितलेच आहे, तेव्हा मी पाणी, वीज आणि चूल एवढ्याविषयीच लिहिते, कारण बोटीवरचे भांडण मी तरी याच तीन गोष्टींवरून होताना पाहिले आहे.

पाण्याचा हिशेब माणशी रोज वीस लिटर असा धरावा. पाच जणांना दिवसाला शंभर, म्हणजे आठ दिवसांना आठशे. भाड्याच्या कॅटॅमरानच्या टाक्या त्याहून लहान असू शकतात, म्हणून बोट ठरवतानाच टाक्यांची क्षमता विचारून घ्या आणि मधल्या एका दिवशी हॅमिल्टन बेटाच्या मरीनामध्ये पाणी भरण्याची सोय ठेवा. नळ उघडा ठेवून भांडी घासण्याची घरची सवय पहिल्याच दिवशी मोडावी लागते. आम्ही भांडी समुद्राच्या पाण्यात घासून, शेवटी गोड्या पाण्याच्या एका तांब्यात विसळत असू. अंघोळीचेही तसेच: मागच्या पायरीवर बसून समुद्रात डुबकी, साबण आणि वरून तांब्याभर गोडे पाणी. मीठ अंगावर राहिले तर अंथरूण दमट राहते आणि मग कोणालाच झोप लागत नाही, म्हणून तो तांब्याभर पाण्याचा खर्च वाचवू नका. पिण्याचे पाणी मात्र वेगळ्या डब्यांतून न्यावे. टाकीतल्या पाण्याला मुले तोंड वाकडे करतात.

विजेमध्ये सर्वांत मोठा खाणारा फ्रीज असतो. बोटीवर बारा व्होल्टच्या बॅटऱ्या असतात, आणि सकाळ-संध्याकाळ तासभर इंजिन चालवले नाही तर पहाटे दिवे मंद होऊ लागतात. फ्रीजचे झाकण वारंवार उघडू नये यासाठी आम्ही दिवसाच्या सुरुवातीलाच दिवसभराचे सामान बाहेर काढून बर्फाच्या पेटीत ठेवत असू. मोबाइल, टॅब्लेट यांचे चार्जिंग इंजिन चालू असतानाच करायचे, हा नियम मुलांना आधी सांगून ठेवा.

चुलीसाठी प्रेशर कुकर घेऊन जा. याबद्दल माझे मत ठाम आहे. भात, वरण आणि बटाटे एकाच वेळी होतात, गॅस वाचतो, पाणी मोजके लागते आणि हेलकाव्यात उकळते पाणी सांडण्याचा धोका राहत नाही, कारण झाकण घट्ट असते. बोट चालू असताना स्वयंपाक करूच नका. पोळ्या आदल्या संध्याकाळी नांगरल्यावर लाटून ठेवाव्यात आणि दुपारी चटणी, लोणचे, काकडी यांच्याबरोबर खाव्यात. मेथीचे ठेपले आणि दशम्या तीन दिवस सहज टिकतात. पहिल्या दिवसाचे जेवण घरून करूनच न्या, कारण त्या दिवशी बोटीची माहिती घेण्यात निम्मा दिवस जातो आणि डोके बधिर होते. आणखी एक महत्त्वाचे: बोटीवरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तो बोटीच्या तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीने पेट घेऊ शकतो. शेगडीचा वापर संपला की गॅसच्या बाटलीची कळ बंद केली का, हे दोघांनी तपासावे.

शौचालयाविषयी कोणी बोलत नाही, म्हणून सांगते. मैला साठवण्याची टाकी बोटीत असते, आणि ती कोणत्याही प्रवाळापासून, बेटापासून किंवा मुख्य किनाऱ्यापासून निदान एक सागरी मैल दूर गेल्याशिवाय रिकामी करता येत नाही. दोन बेटांमधल्या मोकळ्या पाण्यात पोहोचलात की ते काम आठवणीने करून टाका. उपसागरात मुक्कामाला शिरताना टाकी भरलेली असणे हा मोठा मनस्ताप आहे.

बोट कोणती, याचे माझे उत्तर कॅटॅमरान. आमची स्वतःची बोट एका बुडाची होती आणि वाऱ्यावर तिरकी होऊन ती जशी चालते त्याचे सुख दुसऱ्या कशात नाही, पण तिरक्या जमिनीवर 69 वर्षांच्या माणसाला आठ दिवस वावरायला लावणे बरे नव्हे. कॅटॅमरान सपाट राहते, मागच्या बाजूला पाण्यापर्यंत पायऱ्या असतात आणि दोन बुडांत दोन वेगळी बिऱ्हाडे होतात, त्यामुळे मुलांच्या बडबडीत आजोबांची झोप मोडत नाही.

तिसरा प्रहर

मी व्यवसायाने परिचारिका आहे आणि दोन वर्षांपूर्वी वडिलांना घेऊन याच बेटांत गेले होते. तेव्हा ते 72 वर्षांचे होते. बोटीवर ते अतिशय आनंदात होते. अडचण आली ती डिंगीची. मोठ्या बोटीतून लहान डिंगीत उतरणे आणि डिंगीतून ओल्या वाळूवर पाय टाकणे, या दोन क्षणी माणसे पडतात. त्यांना उतरवताना एक जण आधी डिंगीत बसलेला असावा, दुसऱ्याने मागून आधार द्यावा, आणि हातात काहीही सामान देऊ नये. किनाऱ्यावर उतरण्यासाठी भरतीच्या जवळपासची वेळ निवडा. ओहोटीत अनेक किनाऱ्यांसमोर मृत प्रवाळाचा खडबडीत पट्टा उघडा पडतो. त्यावरून चालणे गुडघे दुखणाऱ्याला जमत नाही आणि प्रवाळाने झालेली जखम लवकर भरत नाही.

त्यांची रोजची औषधे दोन निरनिराळ्या पिशव्यांत, पाणी शिरणार नाही अशा डब्यांत ठेवा. बोट लागण्यावरचे औषध निघण्याच्या आदल्या रात्रीपासून द्यायचे असते, उलट्या सुरू झाल्यावर त्याचा उपयोग होत नाही. मात्र सासऱ्यांची इतर औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

पोहण्याविषयी दोन गोष्टी स्पष्ट सांगते. व्हिटसंडे बेटाच्या पश्चिमेला सिड हार्बर हे उत्तम आडोशाचे ठिकाण आहे, पण तिथे पाण्यात उतरू नका. 2018 च्या सप्टेंबर आणि नोव्हेंबरमध्ये तिथे शार्कचे तीन हल्ले झाले आणि त्यांतील एकाचा मृत्यू झाला. तेव्हापासून तिथे पोहू नये अशा सूचना आहेत. भांडी विसळण्यासाठी मागच्या पायरीवर बसून हात घालणे वेगळे, पण उडी मारणे नको, आणि उरलेले अन्न कुठेही पाण्यात टाकू नये. दुसरी गोष्ट जेलीफिशची. त्यांचा मुख्य हंगाम नोव्हेंबर ते मे असा मानतात, तरीही अंगभर झाकणारे पातळ पोशाख बोटीबरोबर मिळतात ते मुलांना प्रत्येक वेळी घाला. व्हिनेगरची बाटली डिंगीत असू द्या, दंश झाल्यास त्या जागी निदान तीस सेकंद व्हिनेगर ओतत राहा आणि लगेच रेडिओवरून मदत मागा.

त्या दिवसांत हंपबॅक जातीच्या व्हेलचे कळप पिल्लांसह तिथे असतात. त्यांच्यापासून 300 मीटर अंतर राखणे त्या भागात बंधनकारक आहे. ते अंतर पाण्यावर वाटते त्यापेक्षा पुष्कळ जास्त असते, तेव्हा इंजिन मंद करून दुरूनच पाहा.

खाडीकाठ

तिघांचेही मनापासून आभार. सगळे उत्तर मी सासऱ्यांना वाचून दाखवले. नांगराची हकिगत ऐकून ते म्हणाले, "भरतीचं पाणी न धरता दोर सोडला, तर आमच्या खाडीतही होडी सकाळी पलीकडच्या काठाला सापडायची."

कॅटॅमरान घ्यायची, एवढे ठरले आहे. मार्गाचा कच्चा आराखडा असा केला आहे: पहिली रात्र नारा इनलेट, दुसऱ्या दिवशी व्हिटसंडे बेटाच्या दक्षिणेकडून सॉल्वे पॅसेज या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून व्हाइटहेवन किनाऱ्यावर आणि दोन रात्री तिथेच, मग हेमन बेटाजवळ ब्लू पर्ल बे, बटरफ्लाय बे, हॅमिल्टन आणि शेवटी सिड हार्बर. हा क्रम योग्य आहे का?

सासऱ्यांचा आणखी एक प्रश्न आहे. कोकणात तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. ते गणित तिथे चालेल का, आणि सुट्टीच्या दोन आठवड्यांपैकी कोणता निवडावा हे पंचांग पाहून ठरवता येईल का?

नांगरदोर

सासऱ्यांच्या प्रश्नाने फार आनंद झाला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. पाऊणपटीचे गणित घड्याळाची वेळ सांगते ती आपल्या किनाऱ्यापुरती. प्रत्येक बंदराला भरती पोहोचण्याचा विलंब वेगळा असतो, म्हणून तिथे शूट हार्बरचे छापील कोष्टकच वापरायला हवे. पण तिथी जे दुसरे सांगते, म्हणजे उधाण कधी आणि भांग कधी, ते जगात बहुतेक सगळीकडे लागू आहे. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण चढते आणि अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांग पडतो. उधाणाला तिथे साडेतीन-चार मीटरपर्यंत पाणी वरखाली होते आणि भांगाला त्याच्या निम्म्याहूनही कमी. पाणी कमी चढले की खाड्यांमधला प्रवाहही मंद, साखळीचे गणितही सोपे. नवख्या माणसांनी भांगाचा आठवडा घ्यावा, आणि दोन आठवड्यांपैकी एकात शुक्ल पक्षातील षष्ठी ते त्रयोदशी बसत असेल तर तोच घ्या, कारण मग संध्याकाळ झाल्याबरोबर डोक्यावर चंद्र असतो आणि रात्री नांगर तपासताना किनारा दिसतो.

आता मार्ग. दुसऱ्याच दिवशी सॉल्वे पॅसेज मला मान्य नाही. त्या भागात भरतीचा प्रवाह दक्षिणेकडे आणि ओहोटीचा उत्तरेकडे वाहतो. आग्नेयेचा वारा आणि समोरून भरतीचा प्रवाह एकमेकांवर आले की चिंचोळ्या पॅसेजमध्ये पाणी उभे राहते, लाटा जवळजवळ येतात आणि भोवरे पडतात. बोट अजून तुमच्या हातात बसलेली नसताना तिथे जाऊ नये. मी हे असे बदलीन: दोन रात्री नारा इनलेट, म्हणजे दुसरा दिवस बोटीची ओळख करून घेण्यात आणि गुहा पाहण्यात जाईल, तिसऱ्या दिवशी वाऱ्याबरोबर उत्तरेला ब्लू पर्ल बे, तिथे दुपारी प्रवाळ पाहून रात्रीसाठी बटरफ्लाय बे, चौथ्या दिवशी हुक बेटाला पूर्वेकडून वळसा न घालता पश्चिमेकडून खाली येऊन, पाणी स्थिर होण्याच्या वेळेस हुक पॅसेज ओलांडून टंग बे. टंग बेवरून पायवाटेने टेकडीवर गेले की हिल इनलेटची पांढरी वाळू आणि निळे पाणी यांचे पट्टे दिसतात, आणि ते ओहोटीकडे अधिक खुलतात. मात्र पूर्ण ओहोटीत डिंगी किनाऱ्याला लागत नाही, तेव्हा पाणी उतरू लागल्यावर वर जा आणि तळाला जाण्याआधी परत या. पाचवा दिवस व्हाइटहेवन, सहावा हॅमिल्टन, सातवा सिड हार्बर, आणि आठव्या दिवशी सकाळी मुख्य किनाऱ्यावरील एअरली बीच या गावी परत. सॉल्वे पॅसेज सहाव्या दिवशी येईल, आणि तोही पाणी स्थिर असताना सकाळी.

मीठपाणी

नांगरदोर यांचा क्रम मला पटतो, एका ठिकाणी मात्र मतभेद आहे. व्हाइटहेवनला रात्र काढण्याचा आग्रह धरू नका. सात किलोमीटर लांबीची ती वाळू दिवसा पाहण्याजोगी आहेच, पायाखाली ती पिठासारखी लागते आणि उन्हातही तापत नाही, पण आग्नेयेचा वारा चढला की पॅसेजमधून वळसा घालून आलेल्या लाटा रात्रभर बोट आडवी डोलवत राहतात. आम्ही तिथे एक रात्र जमिनीवर उशा टाकून काढली. पूर्वानुमान 15 नॉटच्या वर असेल तर दुपारनंतर परत टंग बेलाच या. फार तर दीड तासाचा उलटा प्रवास होईल आणि सहाव्या दिवशी तेवढे लवकर निघावे लागेल.

बोट देणाऱ्यांशी रेडिओवर रोज सकाळी आणि दुपारी हजेरी द्यावी लागते, तेव्हाच हवामान सांगतात. ते ऐकून लिहून घेण्याचे काम एकाच माणसाकडे ठेवा. घाईत ऐकलेला आकडा दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितला की दिवस वादात जातो.

खाडीकाठ

रेडिओची आणि भरतीच्या कोष्टकाची वही सासऱ्यांनी स्वतःकडे घेतली आहे आणि पंचांग पाहून दुसरा आठवडा निश्चित केला आहे. व्हाइटहेवनची रात्र वाऱ्यावर सोडून देतो. टाक्यांची क्षमता विचारली तर 580 लिटर सांगितली, म्हणून हॅमिल्टनला पाणी भरणे नक्की आहे.

शेवटची एक शंका राहिली: साखळी किती सोडली, हे सोडताना कळते कसे?

नांगरदोर

साखळीला ठरावीक अंतरावर रंग दिलेला असतो किंवा रंगीत पट्ट्या बांधलेल्या असतात. बहुधा दर दहा मीटरला खूण असते, पण प्रत्येक बोटीची पद्धत निराळी असते, म्हणून बोट ताब्यात घेतानाच दाखवून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रंग उडालेला असेल तर धक्क्यावर उभे असतानाच साखळी काढून वावेने, म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांच्या मापाने, मोजा आणि स्वतःच्या चिंध्या बांधा. एका वावेला सुमारे एक मीटर 80 सेंटिमीटर धरतात, पण माणसागणिक ती कमी-जास्त होते, तेव्हा जो मोजणार असेल त्याची वाव आधी घरी टेपने मापून घ्या.